साठी उलटल्यावर पुन्हा रेसिंग कारमध्ये

चोवीस तासांच्या शर्यतीसाठी मला बोलावणं आलं ते मी वेगवान आहे म्हणून नव्हे, मी म्हातारा झालो म्हणून. हा विनोद नाही, नियमावलीतलं गणित आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी मोटर स्पोर्टची जागतिक संघटना, म्हणजे एफआयए, ड्रायव्हरांची प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्रॉन्झ अशी वर्गवारी करते. जीटी३, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या, बऱ्याच शर्यतींत प्रत्येक गाडीत एक तरी ब्रॉन्झ ड्रायव्हर लागतोच, आणि त्यानं ठरलेले तास स्वतः चालवावेच लागतात. ब्रॉन्झ म्हणजे बहुतेक हौशी मंडळी. उशिरा रेसिंगकडे वळलेली, स्वतःचा धंदा असलेली आणि खरं सांगायचं तर गाडीचं बिल भरणारी. पण पन्नाशी उलटली की वयाच्या टप्प्यांवर व्यावसायिक ड्रायव्हरचाही वर्ग खाली येत जातो. म्हणजे जन्मभर हेच काम करून पोट भरलेला माणूस एक दिवस कागदावर हौशी ठरतो. संघांना असा माणूस हवाच असतो.

"म्हणजे मी स्वस्तात मिळणारा जुना माल," असं मी फोनवर म्हटलं.

"स्वस्त कुठे? जुना, एवढंच," संघाचा मॅनेजर म्हणाला.

मी हो म्हटलं. बरीच वर्षं स्पर्धेत उतरलो नव्हतो. शेजारच्या सीटवर बसून इतरांना शिकवत होतो, म्हणजे दुसऱ्याच्या चुकांवर पाय आवळून बसत होतो. त्या कामात पैसे बरे मिळतात, झोप मात्र नीट लागत नाही.

माझी कारकीर्द सांगण्यासारखी लांब आहे, पण गाजलेली नाही. लहानपणी कार्टिंग, मग एका सीटच्या फॉर्म्युला गाड्या, मग एक दिवस पैसे संपले आणि छपराच्या गाड्या. या धंद्यातल्या बहुतेकांचा रस्ता असाच जातो. ग्रिडवर, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत, उभ्या असलेल्यांतल्या फार थोड्यांना पगार असतो, बाकीच्यांनी ती जागा विकत घेतलेली असते. वडिलांच्या, प्रायोजकाच्या किंवा बँकेच्या पैशांनी. निकी लाउडानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून 'मार्च' नावाच्या संघात जागा मिळवली होती. पुढे तो तीनदा जगज्जेता झाला म्हणून ती गोष्ट सगळे कौतुकानं सांगतात. तसंच कर्ज काढून काहीच न झालेले कितीतरी मी पाहिलेत, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. मी मधल्या गटातला. जिंकलो थोडं, तुटलो थोडं, आणि कुणाच्या ना कुणाच्या गाडीत मला जागा मिळत राहिली, कारण मी गाडी परत आणायचो. लांब पल्ल्याच्या रेसिंगमध्ये हे मोठं भांडवल असतं.

परत उतरायचं तर सुरुवात लायसन्सपासून, आणि लायसन्सची सुरुवात डॉक्टरपासून. आंतरराष्ट्रीय लायसन्सला पंचेचाळिशीनंतर ताण देऊन काढलेला ईसीजी लागतो. पट्ट्यावर पळायचं, चढ वाढत जातो, छातीला तारा चिकटलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, गाडीत तर बसायचंच असतं, मग एवढी तपासणी कशाला? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आहे. बंद जीटी गाडीत उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या आसपास तापमान जातं. अंगात आगरोधक कपड्यांचे थर असतात. ब्रेकच्या पेडलवर दर फेरीत कितीतरी वेळा सगळं वजन टाकून लाथ मारायची असते, मान प्रत्येक वळणात बाहेर ओढली जाते आणि नाडी दीडशेच्या वर तासभर तशीच राहते. दोन-तीन लिटर घाम जाणं ही नेहमीची गोष्ट. बसून करायच्या कामांत याच्याइतकं दमवणारं दुसरं काम मला तरी माहीत नाही.

हृदय पास झालं. डोळेही पास झाले, चष्म्यासकट. प्रत्येक डोळ्यानं दहापैकी नऊ दिसायला हवं, बाजूचं दिसण्याची कक्षा रुंद हवी, झेंड्यांचे रंग ओळखू यायला हवेत. तक्त्यावरची अक्षरं मी धडाधडा वाचली. अंधारात डोळ्यांवर झगझगीत प्रकाश पडल्यावर पुन्हा नीट दिसायला किती वेळ लागतो, हे माझ्या तपासणीत कुणी पाहिलं नाही. तेव्हा माझ्याही ते डोक्यात आलं नाही.

चष्म्याची एक वेगळी कटकट. आधी आगरोधक टोपी, मग हेल्मेट, आणि मग चष्म्याच्या काड्या दोन्ही बाजूंनी टोपीच्या आतून सरळ सरकवायच्या. काडी वाकडी असेल तर कानामागे टोचते आणि तासाभरात तीच गोष्ट जगातली सर्वांत मोठी समस्या होऊन बसते. मी सरळ, पातळ काड्यांचा चष्मा करून घेतला. काच अशी निवडली की लांबचं स्वच्छ दिसावं आणि स्टिअरिंगवरचे आकडे चालवून घेता यावेत. तरुणपणी गाडीत तीन घड्याळं असायची, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि इंजिनचे फेरे. आता स्टिअरिंगच्या चाकावरच डझनभर बटणं आणि गोल खटके असतात, चाकं जागीच फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल किती, ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस किती, वगैरे. मेकॅनिकनं माझ्यासाठी दोन खटक्यांवर रंगीत टेप चिकटवून दिली. तरुण सहकाऱ्यांनी काही न बोलता तीच वापरायला सुरुवात केली.

मग सीट. गाडीत मोठी पिशवी ठेवतात, तिच्यात दोन रसायनं मिसळून ओततात, आणि ती फुगून घट्ट होईपर्यंत तुम्ही आपल्या बसण्याच्या पद्धतीत हलायचं नाही. पाठीला गरम लागतं. काही मिनिटांत तुमच्या पाठीचा साचा तयार. आमच्या गाडीत मूळ सीट पक्की होती आणि पेडलं पुढे-मागे सरकत होती. त्यामुळे प्रत्येकानं आपला साचा बगलेत घेऊन यायचं आणि उतरताना तो उचलून न्यायचा. सहकारी पोरं शिडशिडीत, त्यांचे साचे जाडजूड. माझा सगळ्यांत पातळ. यावर जे विनोद व्हायचे ते झाले.

ड्रायव्हर बदलण्याचा सराव हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग निघाला, आणि त्याचा वेगाशी काही संबंध नाही. गाडी पिटमध्ये, म्हणजे संघाच्या थांब्याच्या जागेत, शिरताना आतल्यानं पट्टे सैल करायचे, पण सोडायचे नाहीत. गाडी थांबली की पट्ट्यांचं मधलं कुलूप फिरवायचं, रेडिओची वायर ओढायची, पाण्याची नळी काढायची, थंड पाण्याच्या बनियनची नळी काढायची, साचा उचलायचा, एका हातानं छपराचा पाइप धरून बाहेर पडायचं. बाहेरचा त्याच दारातून आत. मग उतरलेल्यानं वाकून आतल्याचे पट्टे जुळवायचे. आधी मांड्यांमधले, मग कमरेचे, मग खांद्यांचे, आणि खांद्यांचे पट्टे हॅन्सच्या, म्हणजे मान सांभाळणाऱ्या चौकटीच्या, वरूनच गेले आहेत ना हे पाहायचं. सगळं पंचवीस-तीस सेकंदांत. तरुण पोरगा पाय आधी टाकून सापासारखा आत सरकतो. माझा गुडघा स्टिअरिंग आणि गाडीतल्या सुरक्षा-पिंजऱ्याच्या पाइपामध्ये अडकायचा. शेवटी मुख्य मेकॅनिकनं, जो माझ्याहून थोडाच लहान असेल, मला उलट क्रम शिकवला. आधी बूड, मग डावा पाय, मग उजवा, आणि डोकं सर्वांत शेवटी. बघायला बरं दिसत नाही, पण वेळेत होतं.

हॅन्सबद्दल दोन शब्द. मी सुरुवात केली तेव्हा हे नव्हतंच. धड पट्ट्यांनी जखडलेलं आणि डोकं मोकळं. भिंतीवर समोरून आदळलं की हेल्मेटसकट डोकं पुढे फेकलं जायचं आणि कवटीच्या तळाशी हाड तुटायचं. बायोमेकॅनिक्सचा अभ्यासक रॉबर्ट हबर्ड आणि त्याचा मेहुणा जिम डाउनिंग, जो स्वतः ड्रायव्हर होता, यांनी ऐंशीच्या दशकात खांद्यांवर बसणारी आणि हेल्मेटला दोऱ्यांनी जोडलेली ही चौकट तयार केली. त्यांचा मित्र पॅट्रिक जॅकमार १९८१ साली असाच गेला होता. पण ती सगळीकडे पोहोचायला वीस वर्षं लागली. २००१ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या शर्यतीत नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्टचा मृत्यू झाला, त्यानंतर अमेरिकेतल्या नॅसकार या रेसिंग संस्थेनं त्याच वर्षी मानेचं संरक्षण सक्तीचं केलं आणि फॉर्म्युला वननं २००३ मध्ये हॅन्स. ती वीस वर्षं आम्ही सगळे ही वस्तू अवघडते, मान वळत नाही, असं म्हणत टाळत होतो. मान वळत नाही हे खरंच आहे. आता बाजूला बघायला आरसे आणि मागचा कॅमेरा. पडद्यावर मागून येणाऱ्या गाडीभोवती रंगीत खूण येते आणि ती कोणत्या बाजूनं ओलांडतेय हे बाण दाखवतो. मला ही सोय फार आवडली. आरशात बघून अंदाज बांधण्यात जेवढं आयुष्य गेलं, त्याचा जरा रागही आला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

चाचणीचा पहिला दिवस झाल्यावर इंजिनिअर मुलीनं मला लॅपटॉपसमोर बसवलं. शेजारी माझा सहकारी. विशी नुकतीच पार केलेला, सिल्व्हर वर्गातला, माझ्याहून दीड सेकंदानं वेगवान. दीड सेकंद म्हणजे आमच्या जगात दुसरा धंदा शोधण्याइतका फरक. मी मनाची तयारी करूनच बसलो होतो. मला वाटत होतं की वेगवान वळणांत मी मागे पडत असणार. सगळ्यांना तसंच वाटतं, वय वाढलं की माणूस घाबरतो, मोठ्या वळणात पाय उचलतो.

तिनं दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या, त्याची निळी, माझी लाल. आडवं अंतर, उभा वेग. सर्वांत वेगवान वळणात दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून. तिथे मी सेकंदाच्या शंभरातला एक हिस्साही गमावत नव्हतो, उलट बाहेर पडताना किंचित पुढेच होतो.

"मग गेला कुठे दीड सेकंद?" मी विचारलं.

तिनं ब्रेकच्या दाबाचा आलेख उघडला. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी त्याची रेषा भिंतीसारखी उभी वर जात होती आणि टोकाला पोहोचून हळूहळू उतरत होती. माझी रेषा टेकडीसारखी. चढत चढत टोकाला जायची, तिथे जरा रेंगाळायची आणि मग खाली यायची. दोघांनी पेडलला पाय लावला तो एकाच जागी. पण पूर्ण दाब यायला मला जो वेळ लागत होता, तेवढ्यात अडीचशेच्या वेगात गाडी बरंच अंतर कापते. ताशी अडीचशे किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सत्तर मीटर. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे सात मीटर. हे मागून भरून काढायला मी पुढे जास्त वेळ ब्रेक धरत होतो आणि वळणाच्या तोंडाशी गरजेपेक्षा हळू पोहोचत होतो. प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला तेच. सगळं एकत्र केलं की दीड सेकंदातला मोठा वाटा तिथे सापडत होता.

"भीती वाटते का तिथे तुम्हाला?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं. माझ्या मुलीच्या वयाची असेल.

भीती नव्हती, सवय होती. मी ज्या गाड्यांत वाढलो त्यांना एबीएस नव्हतं. एकदम लाथ मारली की पुढची चाकं लॉक, टायरवर सपाट डाग, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या दात खिळखिळे होईपर्यंत हादरे. त्यामुळे दाब चढवत नेणं पायात मुरलेलं. त्यातून त्या काळी ब्रेक उजव्या पायानं, कारण डावा क्लचवर. उजव्या पायाच्या चवड्यानं ब्रेक दाबून त्याच पायाच्या कडेनं एक्सलरेटरला टिचकी मारायची, म्हणजे खालचा गिअर न झटकता बसतो. आता गिअर स्टिअरिंगमागच्या पात्यांनी बदलतात, क्लच फक्त गाडी निघताना, आणि ब्रेक डाव्या पायानं. डावा पाय जन्मभर क्लच तुडवत आलेला. त्याला दाब मोजून द्यायचं माहीतच नव्हतं, म्हणून मी त्याला आणखीच जपून वापरत होतो. आजच्या जीटी३ गाडीला ही जपणूक नको असते. वेग सर्वांत जास्त असतो तेव्हा मागच्या पंखामुळे आणि पुढच्या ओठासारख्या पट्टीमुळे हवेचा दाब गाडीला जमिनीवर सर्वांत जास्त रेटत असतो. तेव्हाच पूर्ण ताकदीनं ब्रेक मारायचा, आणि वेग उतरेल तसा पाय हलका करत गाडी वळणात न्यायची. एबीएस सांभाळून घेतं.

हे डोक्याला दहा मिनिटांत पटलं. पायाला पटायला वेळ लागला. सिम्युलेटरवर आमच्या गाडीसारखंच कडक पेडल बसवून घेतलं, आणि रोज, वळणाचं काही नाही, फक्त सरळ रस्ता आणि ब्रेक. कंटाळवाणं काम. तो तरुण सहकारी शेजारी बसून आकडे वाचायचा. "सर, अजून हळू चढतंय." "सर, आता बरोबर." एकदा वैतागून मी त्याला म्हटलं, तू जरा गप्प बस. तो गप्प बसला आणि फक्त अंगठा खाली करून दाखवायला लागला. शेवटी टेकडीची भिंत झाली, पूर्ण उभी नाही, पण झाली. दीड सेकंदाचा अर्ध्याहून कमी उरला.

उरलेलं कुठे होतं ते मात्र चाचणीत दिसलं नाही. ते शर्यतीत दिसलं.

त्याआधी माझ्या बाजूचंही सांगतो, कारण आलेखात तेही होतं. पिटमधून थंड टायरवर बाहेर पडल्यावरच्या पहिल्या फेरीत मी त्याच्याहून सरळ सरळ वेगवान होतो. स्लिक टायर ऐंशी-नव्वद अंशांच्या वर गेल्याशिवाय धरत नाही. त्याआधी ते गुळगुळीत रबर रस्त्यावरून नुसतं घसरत असतं. जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेनं २०२३ मध्ये टायर तापवणारी पांघरुणं बंद केली, तेव्हा बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत पिटमधून निघालेले नामांकित ड्रायव्हर पहिल्याच वळणांत फिरले, आणि ल मान्ससाठी, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी, ती पांघरुणं परत आणावी लागली. थंड टायरवर आकडे कामाला येत नाहीत. बुडाखाली गाडी कधी सुटणार हे कळावं लागतं, आणि ते कळायला पुष्कळ वेळा सुटलेली गाडी अनुभवावी लागते. ती शिदोरी माझ्याकडे भरपूर होती. टायर म्हातारे झाल्यावरही तेच. स्टिंटच्या, म्हणजे गाडी चालवण्याच्या एका पाळीच्या, शेवटी त्याच्या वेळा वाढत जायच्या, माझ्या जागेवर राहायच्या. कारण मी स्टिअरिंग कमी फिरवतो. तो प्रत्येक वळणात पुढचा टायर थोडा घासायचा, आणि तासाभरात त्या थोड्याचं पुष्कळ होतं. हे मी त्याला दाखवलं तेव्हा त्यानं वहीत लिहून घेतलं. ब्रेकवरून गप्प बसवलं होतं त्याची भरपाई झाली असं मी धरून चाललो.

शर्यतीत संध्याकाळचा माझा पहिला स्टिंट छान गेला. ठरलेल्या वेळा, ठरलेलं इंधन, गाडीला ओरखडा नाही. रेडिओवर इंजिनिअर काही बोलली नाही. इंजिनिअर काही बोलत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय.

रात्रीच्या स्टिंटमध्ये उरलेला हिशेब समोर आला. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या पळत असतात. आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेल्या गाड्या, मागून येतात आणि येताना दिवे मारतात. त्यांचे दिवे दिवसासारखे पांढरे. आरसा पेटतो, त्या उजेडात केबिनमधली धूळ दिसते, आणि ती गाडी बाजूनं निघून गेली की पुढचा रस्ता काळा होतो. तरुण डोळ्याला त्यातून सावरायला क्षण लागतो. मला दोन-तीन क्षण लागत होते. वयाबरोबर बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळट आणि गढूळ होत जातं. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, आणि जो पोहोचतो तोही आत विखुरतो. हे मला नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. गाडीत मला एवढंच कळत होतं की ब्रेक कुठे मारायचा ते दाखवणारी पाटी दिसायला हवी तेव्हा दिसत नाहीये. मग मी पाटी सोडून दुसऱ्या खुणा धरल्या. रस्त्यावरचा डांबराचा जोड, कठड्याचा शेवट, उजवीकडचा एक कायम जळणारा दिवा. आणि मागून दिवे आले की आरशाकडे बघणंच सोडलं, बाण काय सांगतो तेवढं पाहिलं. गाडी नीट आणली. पण उतरल्यावर मान नव्हे, पाय नव्हे, डोळे दुखत होते. आणि मला माहीत होतं की वेळा विस्कटल्या आहेत.

कागदावर ते अगदी स्वच्छ दिसत होतं. एकटा असताना माझ्या फेऱ्या एकमेकींना चिकटलेल्या. मागे कुणी आलं की पुढच्या दोन-तीन वळणांत वेळ सांडलेला. ब्रेकचा आलेखही तिथे पुन्हा टेकडी झालेला. ही सवय नव्हती, हे वय होतं. सिम्युलेटरवर पाय बदलता येतो, डोळ्यातलं भिंग नाही.

इंजिनिअरनं तिथल्या तिथे योजना बदलली. उरलेली रात्र दोघा तरुणांनी वाटून घेतली आणि मला सूर्य वर आल्यानंतरची पाळी मिळाली. हे करताना तासांचं गणित सांभाळावं लागतं. ल मान्सला कुणालाही कोणत्याही सहा तासांत चारपेक्षा जास्त तास आणि एकूण चौदापेक्षा जास्त तास चालवता येत नाही, आणि बहुतेक मोठ्या शर्यतींत असे नियम आहेत. पूर्वी नव्हते. १९५२ मध्ये पिएर लवेघ यानं ल मान्सला जवळपास तेवीस तास एकट्यानं गाडी हाकली. सहकारी ड्रायव्हर पिटमध्ये तयार उभा होता, पण हा उतरायलाच तयार नाही. आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात इंजिन गेलं. थकव्यात चुकीचा गिअर पडला असं पुष्कळांचं मत आहे. तीन वर्षांनी, एकोणपन्नासाव्या वर्षी, तोच लवेघ ल मान्सच्या त्या भयंकर अपघातात गेला, ज्यात ऐंशीहून जास्त प्रेक्षक मेले. त्या अपघातात त्याची चूक होती असं मी म्हणत नाही, बऱ्याच गोष्टी एका क्षणात एकत्र आल्या होत्या. पण १९५२ ची ती रात्र मला नेहमी आठवते. उतरायचं कधी हे त्याला गाडीत बसून कळत नव्हतं, आणि सांगणारं कुणी असलं तरी तो ऐकत नव्हता.

सकाळच्या स्टिंटमध्ये मी पुन्हा माणसात आलो. तो स्टिंट शर्यतीतला आमच्या गाडीचा सर्वांत एकसारखा स्टिंट होता, हे इंजिनिअरनं स्वतःहून सांगितलं. आम्ही शर्यत पूर्ण केली. वर्गात मधला क्रमांक. गाडीला समोर थोडी टेप, बाकी शाबूत.

शर्यतीनंतर लोक विचारतात तो प्रश्न मलाही विचारला गेला, की आता थांबणार कधी? जुन्या नामांकित ड्रायव्हरांकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. फान्जिओ १९५७ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला पिटमधल्या लांबलेल्या थांब्यानंतर फेरीमागून फेरी विक्रम मोडत हॉथॉर्न आणि कॉलिन्सला गाठून जिंकला आणि जगज्जेता झाला, तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता. ग्रॅहॅम हिल १९७५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीसाठी आला, जिथे तो पाच वेळा जिंकला होता, आणि शर्यतीत उतरण्याइतकी वेळही काढू शकला नाही. तोही तेव्हा शेहेचाळीसचाच. आणि स्टर्लिंग मॉस. १९६२ च्या, इंग्लंडमधल्या गुडवुडच्या अपघातानंतर वर्षभरानं तो एकटा चाचणीला गेला. वेळा वाईट नव्हत्या, पण पूर्वी जे आपोआप व्हायचं ते आता विचार करून करावं लागतंय असं त्याला वाटलं आणि त्यानं रेसिंग सोडलं. नंतर तोच म्हणत राहिला की घाई केली, अजून थोडं थांबायला हवं होतं. पुढे जुन्या गाड्यांच्या शर्यतींत तो परत आला, आणि २०११ मध्ये ल मान्सला, एक्याऐंशीव्या वर्षी, सराव चालू असताना स्वतःचीच भीती वाटली म्हणून त्यानं त्याच दिवशी हेल्मेट ठेवलं. एकाच माणसाचे दोन निर्णय, एक लवकर झालेला आणि एक वेळेवर. दोन्ही वेळा त्यानं स्वतःच्या आतल्या आवाजावर भरवसा ठेवला होता. माझ्या आतल्या आवाजानं मला छातीठोक सांगितलं होतं की मी वेगवान वळणांत मागे पडतोय. ते साफ चूक निघालं.

म्हणून मी ते काम इंजिनिअरकडे दिलं. आमच्यात तीन गोष्टी ठरल्या आहेत. रात्रीचा स्टिंट मी घेणार नाही, नियमानं माझे तास भरत नसतील तर संघानं दुसरा ब्रॉन्झ बघावा. ब्रेकचा आलेख प्रत्येक चाचणीनंतर त्या निळ्या रेषेवर ठेवून पाहायचा. आणि स्वच्छ रस्त्यावर, दिवसा, गरम टायरवर माझ्या फेऱ्यांमधला फरक एका ठरावीक मर्यादेबाहेर गेला, तर तिनं मॅनेजरला सांगायचं, मला विचारायचं नाही. मर्यादा किती ते तिनं ठरवली आहे आणि मला सांगितलेली नाही. मी एकदा विचारून पाहिलं, तर म्हणाली, "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही तेवढंच चालवाल."

पुढच्या शर्यतीसाठी सकाळचे दोन स्टिंट माझ्या नावावर लागले आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ त्याआधीच्या आठवड्यात आहे. मोतीबिंदू पिकायला लागलाय का ते पाहू म्हणालेत.